आठ दातांचे ९६,००० रुपये

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची नागपूरला आमच्या घरी आली आणि पाणी प्यायच्या आधीच तिनं पर्समधून एक घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वर दवाखान्याचं नाव, खाली तिचं नाव, वय २४, आणि मग एकच ओळ : सिरॅमिक व्हिनियर, वरचे ८ दात, दर १२,००० रुपये, एकूण ९६,०००. त्याखाली पेनानं लिहिलेलं : ‘या आठवड्यात केल्यास ८८,०००.’

माझी बहीण यवतमाळ जिल्ह्यात राहते. निंदणाला, कापूस वेचायला जाते. तिच्या दोन हंगामांच्या मजुरीतही एवढे पैसे जमत नाहीत. पोरीचं लग्न ठरायच्या बेतात आहे. पाहुणे येऊन गेले, पोरगी पसंत पडली, पण जाता जाता मुलाची आत्या बोलली, “पोरगी चांगली आहे, दात तेवढे करून घ्या.” त्या एका वाक्याचा हा कागद झाला होता.

बहीण फोनवर म्हणाली, “दादा, कर्ज काढीन, पण पोरीला तोंडावर पदर धरून हसायला नाही लावणार.”

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मी डेंटल मेकॅनिक. डॉक्टर तोंडात माप घेतात, त्या मापावरून लॅबमध्ये बसून दात बनवणारा माणूस. २६ वर्षं कवळ्या आणि कॅपा बनवल्या, आणि शेवटची दहाएक वर्षं व्हिनियरही. त्यामुळे त्या १२,००० रुपयांतला कुठला रुपया कुठे जातो, हे मला बऱ्यापैकी माहीत आहे. आपल्या वस्त्यांमध्ये असे कागद आता घरोघरी येऊ लागले आहेत. लग्न, हॉटेलातली नोकरी, मॉलमधला काउंटर, मोबाईलवरचे फोटो, कारणं बरीच आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायची पातळ चकती. नखावर नकली नख लावतात तसा प्रकार. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त. या प्रकाराची सुरुवात सिनेमातून झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य होते. १९२८ च्या सुमाराला त्यांनी हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी असे पापुद्रे बनवले. ते कवळी चिकटवायच्या पावडरीनं तेवढ्यापुरते बसवायचे, शूटिंग संपलं की काढून ठेवायचे. जेवायलाही ते चालत नसत. पुढे १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लानं खरवडला की त्यावर पदार्थ घट्ट चिकटतो, हे दाखवलं. १९८०च्या दशकात पोर्सिलीनलाही तसंच खरवडून दाताला कायमचं चिकटवायचं तंत्र आलं. तेव्हापासून नटाचा मुखवटा रोजच्या तोंडात आला. पण मुखवटा काढून ठेवता येत होता. हा काढता येत नाही, आणि इथूनच त्याची खरी किंमत सुरू होते. तिच्याकडे नंतर येतो.

आधी बिलाचं बघू.

व्हिनियर दोन प्रकारचे. पहिला कंपोझिटचा. दातात भरायला जे पांढरं सिमेंट वापरतात, त्याच जातीचा लगदा डॉक्टर खुर्चीतच दातावर चढवतात, आकार देतात, निळ्या उजेडानं कडक करतात आणि घासून चमकवतात. लॅबचा संबंध नाही. मोठ्या शहरांत एका दाताला साधारण २,००० ते ६,००० रुपये घेतले जातात. चार-सहा वर्षं टिकतो. चहा, हळद, खर्रा यांचे डाग धरतो. कोपरा तुटला तर तेवढाच पुन्हा लावता येतो, ही त्याची मोठी सोय.

दुसरा सिरॅमिकचा, म्हणजे पोर्सिलीन किंवा त्यापेक्षा मजबूत लिथियम डायसिलिकेटचा. याचे दर ८,००० पासून २०,००० पर्यंत, पॉश वस्तीत त्याहूनही वर. नीट बसवला तर दहा-पंधरा वर्षं टिकतो आणि डाग धरत नाही. भाचीच्या कागदावर हाच होता.

हा इतका महाग का? चांगला माल बाहेरून येतो. ई-मॅक्स हे नाव डॉक्टरांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल. तो सिरॅमिकचा ठोकळा लिश्टेनस्टाइन नावाच्या युरोपातल्या इवल्याशा देशातल्या कंपनीचा. लॅबला तो घ्यावा लागतो, त्याची भट्टी घ्यावी लागते, आता तर मशीन आणि कॉम्प्युटरही. मग कारागीर. एका व्हिनियरवर रंगाचे थर चढवून, भट्टीत घालून, पुन्हा घासून, शेजारच्या दाताशी जुळवायला माझा अर्धा दिवस जायचा, आणि तोही डोळे चांगले असताना. लॅब डॉक्टरांना एका नगाचं बिल अडीच ते चार हजारांच्या आसपास लावते. शहर आणि लॅब बदलली की आकडा बदलतो. कारागिराच्या हातात त्यातलं किती पडतं ते विचारू नका.

म्हणजे १२,००० पैकी तिसरा हिस्सा लॅबचा धरा. चिकटवायचं खास सिमेंट, आम्ल, भूल, माप घ्यायचा मसाला, आणि पक्के व्हिनियर येईपर्यंत लावायचे तात्पुरते दात, असे मिळून आणखी काही शे. बाकीचं डॉक्टरांकडे राहतं, पण तो सगळा नफा नाही. दवाखान्याचं भाडं आहे, मदतनीस मुलीचा पगार आहे, अवजारं निर्जंतुक करायचं मशीन, एक्स-रे, आणि ती खुर्ची. साधी खुर्ची दीड-दोन लाखांची, भारीतली दहा लाखांच्या पुढे. त्यात बहुतेक दंतवैद्य खासगी कॉलेजातून शिकलेले, वर्षाला लाखांनी फी भरून. भाचीबरोबर मी त्या दवाखान्यात गेलो तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टर मॅडम मला म्हणाल्याच, “काका, माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता अजून चालू आहे.” खोटं बोलत नव्हत्या. दाताच्या डॉक्टराला सरकारी नोकरी मिळणं आज किती कठीण आहे, ते ज्यांच्या घरात बीडीएस झालेली पोरं आहेत त्यांना विचारा. आपल्याच समाजातली कितीतरी हुशार पोरं बीडीएस करून दहा-पंधरा हजारांवर दुसऱ्याच्या दवाखान्यात राबत आहेत.

तेव्हा ‘एवढ्याशा चकतीचे १२,००० म्हणजे लूट’ असं म्हणून मी मोकळा होणार नाही. काम नाजूक आहे, माल महाग आहे, आणि खासगी दवाखान्यात व्हिनियरचा दर सरकारनं बांधून दिलेला नाही. डॉक्टर सांगेल तो दर. म्हणून एकाच रस्त्यावर एका दवाखान्यात ७,००० आणि समोरच्या दवाखान्यात १५,००० असतात. फरक कधी मालाचा असतो, कधी हाताचा, आणि बऱ्याचदा नुसता काचेच्या दरवाजाचा आणि एसीचा.

माझा आक्षेप दुसऱ्या दोन गोष्टींना आहे. ‘आठ’ या आकड्याला, आणि जे कागदावर लिहिलंच नव्हतं त्याला.

भाचीच्या दातांवर लहानपणापासून पिवळट-तपकिरी पट्टे आहेत. वरच्या समोरच्या चार दातांवर ठळक, बाजूच्यांवर पुसट. मग आठ कशाला? मी मॅडमना विचारलं. त्यांचं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. चारच दातांना पांढरे व्हिनियर लावले तर बाजूचे चार जास्त पिवळे दिसतात, हसताना आठ दिसतात, म्हणून आठ. बरोबर. पण रंग कोणता निवडला यावर हे अवलंबून आहे. दाताच्या रंगांची एक पट्टी असते, तिच्यात माणसाच्या दातांसारखे नैसर्गिक रंग असतात आणि टोकाला ब्लीच केल्यासारखे पांढरेशुभ्रही असतात. भाचीनं मोबाईलवर पाहिलेली नटी त्या टोकाची होती. टोकाचा रंग घेतला की आठ लागतात, कुणाला दहा लागतात. शेजारच्या दातांशी जुळणारा रंग घेतला तर चारांत भागतं. रंग कोण ठरवतो यावर ४८,००० रुपयांचा फरक पडला होता, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जाता जाता एक सांगतो. निरोगी दात पांढराशुभ्र नसतोच. दाताच्या कवचाखालचा थर मुळात पिवळसर असतो, वय वाढतं तसा तो जास्त दिसतो. आमच्या आजीचे दात हळदीच्या रंगाचे होते आणि सत्तरीत ती हरभरे फोडून खायची.

आता जे कागदावर नव्हतं ते. सिरॅमिक व्हिनियर बसवायला बहुतेक वेळा आधी दात घासून पातळ करावा लागतो, नाहीतर दात पुढे आल्यासारखा जाड दिसतो. दवाखान्यात याला ‘थोडंसं पॉलिश’ म्हणाले. ते पॉलिश नाही. दातावरचं कवच, ज्याला डॉक्टर इनॅमल म्हणतात, ते समोरच्या दातावर जेमतेम मिलिमीटरभर जाड असतं, हिरडीजवळ त्याच्याही निम्मं. शरीरातली ही सगळ्यात कडक वस्तू. पण हाड मोडलं तर जुळतं, कातडी सोलली तर भरते, नख कापलं तर वाढतं. इनॅमल एकदा गेलं की पुन्हा येत नाही. त्यातलं निम्मं घासून टाकायचं आणि त्या जागी चकती चिकटवायची, हा व्यवहार आहे. चकती निघाली, फुटली, तर खालचा दात उघडा पडतो, ठणकतो. मग नवी चकती लावावीच लागते. मनात आलं म्हणून परत साध्या दातांवर जाता येत नाही.

मग मी भाचीला वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. आज तू २४ ची. सिरॅमिक चांगला टिकला तर १४ वर्षं धरू. ३८ व्या वर्षी पुन्हा, ५२ व्या वर्षी पुन्हा, ६६ व्या वर्षी पुन्हा. आजचाच भाव धरला, महागाई सोडून दिली, तरी चार वेळा ९६,००० म्हणजे ३,८४,०००. दर वेळी दात थोडा आणखी घासला जाणार ते वेगळंच. ती गप्प बसली. मग म्हणाली, “मामा, तुमी फक्त पैशाचंच पाहून राह्यले. मला दहा वर्षं शाळेत पोरं काय म्हणत होते ते तुमाला नाही माहीत.”

मला माहीत आहे. काय म्हणत असतील ते मी लिहिणार नाही, वाचणाऱ्यांना ते सांगायची गरजही नाही. ‘घाणेरडे’ हा शब्द आपल्या माणसांच्या वाट्याला कुठून कुठून येतो ते आपण जाणतो. पोरगी रोज दोनदा ब्रश करते, तरी ते डाग जात नाहीत, आणि बघणारा समजतो की ही दात घासत नाही. म्हणून मी तिला ‘रूपाचं काय घेऊन बसलीस’ असं म्हटलं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं की नीटनेटक्या राहा, लुगडं नीट नेसा, तुमच्याकडे पाहून कुणी तुम्हाला कमी लेखू नये. आपल्यात नीटनेटकं दिसणं हा नुसता शौक कधीच नव्हता. तिचं दुखणं खरं आहे. पण त्या दुखण्याचं औषध म्हणून तिला काय विकलं जातं आहे, तेवढंच मी बघत होतो.

ते डाग घाणीचे नाहीत. त्याला फ्लोरोसिस म्हणतात. पाण्यात फ्लोराईड जास्त असेल आणि लहानपणी, साधारण आठ वर्षांपर्यंत, तेच पाणी पोटात जात असेल, तर हाडाच्या आत तयार होणाऱ्या पक्क्या दातांचं कवच नीट बनत नाही. दात उगवतात तेच डाग घेऊन. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशा विहिरी आणि बोअरवेल किती तरी आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. खोल बोअरच्या पाण्यात ते याच्या वर जातं. आणि खोल बोअर कुठे असते? गावच्या नळाची पाईपलाईन जिथपर्यंत आलेली नसते, त्या टोकाला.

अशा दातांना सगळ्यात आधी व्हिनियर लागत नाही. डाग वरवरचा असेल तर मायक्रोअॅब्रेजन म्हणून उपाय आहे. सौम्य आम्ल आणि बारीक भुकटीनं कवचाचा अगदी वरचा पापुद्रा तेवढा काढतात. त्याला जोडून ब्लीचिंग करता येतं. एवढ्यानं भागलं नाही तर ज्या दातावर खोल डाग किंवा खड्डा आहे, तिथे कंपोझिट. हे सगळं करूनही समाधान झालं नाही तर सिरॅमिक आहेच, तो कुठे पळून जात नाही. वरच्या पायरीवरून मात्र खाली उतरता येत नाही. म्हणून खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. त्या दवाखान्यानं थेट सगळ्यात वरची पायरी दाखवली, कारण खालच्या पायऱ्यांवर फार पैसा नाही.

आणि एक गोष्ट. मॅडमनी आरसा धरून समोरचे दात दाखवले, तेव्हा मी सवयीनं मागे डोकावलो. खालच्या डाव्या दाढेला मोठी कीड. भाचीला विचारलं तर म्हणाली, सहा महिन्यांपासून थंड पाणी लागतं, रात्री कधी कधी ठणकते. त्या दाढेचा उल्लेख ९६,००० च्या कागदावर कुठेच नव्हता. विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, “हो, तिचं आपण नंतर बघू.” मला राग आला तो इथे. दुखणारी दाढ नंतर आणि न दुखणारे आठ दात आधी? किडलेल्या दाढेचा पू जबड्यात उतरला तर दवाखान्यात भरती व्हायची पाळी येते. डागांनी कुणी आजारी पडलेलं मी पाहिलं नाही.

स्वस्तात मिळतं म्हणून धावणाऱ्यांसाठीही दोन शब्द. कुणी ३,००० मध्ये ‘पक्का व्हिनियर’ देतो म्हणाला, तर तो बहुधा व्हिनियर नसतो, कॅप असते. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासतात. मी लॅबमध्ये असताना अशी मापं यायची. प्लास्टरचा जबडा ओतला की समोरचे सहा दात शिसपेन्सिलीच्या टोकासारखे तासलेले दिसायचे. चिठ्ठीवर वय बघायचो : १९, २२. धडधाकट दात असणार, वेडेवाकडे किंवा पिवळे असतील फार तर. त्यांच्यावर धातूच्या कॅपा बनवताना माझे हात चालायचे, पण मन लागायचं नाही. काही वर्षांनी हिरडी सरकते आणि कडेला काळी रेघ दिसू लागते. मग पुन्हा हात तोंडावर. मोबाईलवर चिकटवायचे किंवा क्लिपचे दात पाचशे रुपयांत मिळतात, ते घालून जेवू नका आणि झोपू तर मुळीच नका. वस्तीत, बाजारात बसणारे पाटीवाले ‘दातवाले’ यांच्याकडे जाऊ नका, मग ते कितीही ओळखीचे असोत. डॉक्टराचं नाव महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदलेलं असतं, नोंदणी क्रमांक भिंतीवर असतो. नसेल तर विचारा.

ज्यांना खऱ्र्याची सवय आहे त्यांनी तर व्हिनियरचा विचारच पुढे ढकलावा. सुपारी चावून चावून चकती फुटते आणि कंपोझिट महिनाभरात लाल होतं. त्याहून मोठी गोष्ट : तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तर दातांचा रंग विसरा आणि आधी सरकारी दवाखान्यात तोंड दाखवा. यात उशीर करू नका.

आता हप्त्यांचं. त्या दवाखान्याच्या काउंटरवरच एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. “मावशी, शून्य टक्के व्याज, महिन्याला फक्त आठ हजार,” असं तो एका बाईला सांगत होता. ती बाई धुणीभांडी करणारी असावी, नातवाला घेऊन आलेली. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. व्याज कुठे तरी असतंच : कागदपत्रांच्या फीमध्ये, नाहीतर मूळ दरातच मिसळलेलं. रोख देणाऱ्याला किती सूट मिळते ते विचारा, म्हणजे व्याज किती ते कळेल. ‘या आठवड्यात केल्यास ८८,०००’ हे तर साडीच्या दुकानात शोभतं. दाताला सेल नसतो. आठ दिवसांनी दात तेच राहणार आहेत आणि डॉक्टरही तेच. घाई कुणाला आहे ते ओळखा.

करायचंच असेल तर आधी बिल लिहून मागा : दात किती आणि कोणते, माल कोणता, लॅब कोणती, दात घासणार का आणि किती, फुटला तर किती वर्षांपर्यंत फुकट करून देणार. पुढे काम बिघडलं तर हाच कागद कामी येतो. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलेलं आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. पण तिथे तोंडी काही चालत नाही, पावती लागते. आपली माणसं पावती मागायला लाजतात. डॉक्टरला वाईट वाटेल म्हणतात. कपडे शिवायला टाकले तरी शिंपी पावती देतो.

मी भाचीला कुठे नेलं ते सांगतो. नागपूरला मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात आहे, छत्रपती संभाजीनगरात आहे, आणि मुंबईला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. केसपेपर काढायचा, सकाळी लवकर जायचं, रांगेत बसायचं. शिकणारी मुलं काम करतात आणि मागे मोठे डॉक्टर उभे असतात. वेळ लागतो, खेपा होतात, एकाच कामाला तीन-चार वेळा जावं लागतं. रोजंदारी बुडते, आणि ती बुडालेली मजुरीही उपचाराच्या खर्चातच धरायला हवी, हे मी अमान्य करत नाही. फी मात्र खासगीच्या मानानं फारच थोडी. आणि इथल्या डॉक्टरला तुम्हाला आठ दात विकायचे नसतात.

तिथे आधी दाढेचं रूट कॅनॉल झालं आणि कॅप बसली. मग समोरच्या दातांवर मायक्रोअॅब्रेजन झालं आणि मधल्या दोन दातांवर कंपोझिट. सगळं मिळून, येण्याजाण्याचं भाडं धरून, ९६,००० च्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी लागले. दात नटीसारखे झाले नाहीत. पट्टे फिके झाले, अगदी जवळून पाहिलं तर दिसतात. भाची पूर्ण खूश आहे असं मी म्हणणार नाही. साक्षगंधाच्या फोटोत ती निम्म्या फोटोंत ओठ मिटून आहे आणि निम्म्यांत हसते आहे. म्हणते, नोकरी पक्की झाली की स्वतःच्या पैशानं चार दातांचं बघेन. बघू दे. तेव्हा ती कमावती असेल आणि दात अजून शाबूत असतील.

त्या आत्याबाई साक्षगंधाला आल्या होत्या. त्या बसल्या बसल्या मिश्री लावत होत्या.

माझ्या बहिणीची नात तीन वर्षांची आहे. ती त्याच घरात राहते आणि तिच्यासाठी पाणी त्याच बोअरचं येतं. तिचे दुधाचे दात मोत्यासारखे आहेत. पक्के दात मात्र आत्ता, हाडाच्या आत, बनत आहेत. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनंही ते जात नाही. पावसाळ्यात मी गावी गेलो तेव्हा एक लिटरची स्वच्छ बाटली बोअरच्या पाण्यानं भरून घेतली, तिच्यावर गाव, वस्ती आणि तारीख लिहिली आणि यवतमाळला भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत देऊन आलो. अहवाल आला की एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची आहे, पोच घेऊन. बहिणीला सांगून ठेवलं आहे की तोवर नातीसाठी गावातल्या नळाचं पाणी आणायचं, घागर कितीही लांबून आणावी लागली तरी.